पदव्युत्तर विद्यार्थी परिषदेचं वर्ष: अर्ज, पोच आणि पाठपुरावा

कोकणात पदव्युत्तर विद्यार्थी परिषदेचं काम शैक्षणिक दिनदर्शिकेवर जेवढं चालतं, तेवढंच पावसावर आणि सणांवर चालतं. जून-जुलैत होस्टेलचे प्रवेश, दरडी आणि जाणारी वीज. भाद्रपदात गौरी-गणपतीला सगळं कोकण घरी. दिवाळीनंतर प्रबंधांची गर्दी, फाल्गुनात शिमगा, आणि मार्च ते मे आंब्याचा हंगाम. त्या काळात कृषी, वनस्पतिशास्त्र आणि कीटकशास्त्राची मुलं आवारात कमी आणि बागेत जास्त असतात. या सगळ्याच्या मधल्या फटींत बैठका, अर्ज आणि पाठपुरावा बसवावा लागतो. चांगला अर्जसुद्धा चुकीच्या आठवड्यात दिला तर टेबलावर पडून राहतो. नव्याने परिषदेत येणाऱ्यांना ही सगळी रीत एका जागी मिळावी म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात कायद्यापासून करावी. महाराष्ट्रातल्या अकृषी सार्वजनिक विद्यापीठांना २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे आणि विद्यार्थी परिषदेचं कलम ९९. कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा, १९८३चा. आपण कुठल्या कायद्याखाली येतो ते पाहून त्याची, परिनियमांची आणि आपल्या विद्यापीठाच्या पीएच.डी. नियमावलीची छापील प्रत पहिल्याच आठवड्यात फाइलला लावायची. १९९४च्या कायद्याने थेट निवडणुका जाऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली होती. २०१६च्या कायद्याने निवडणूक पुन्हा आणली. ती कायद्यात आली म्हणून दरवर्षी होतेच असं नाही. जिथे होत नाही तिथे विभागातली मुलं आपसात मतदान करून एक नाव देतात. ते नाव विभागप्रमुखांच्या पत्रासह अधिष्ठात्यांकडे किंवा विद्यार्थी विकास विभागाकडे गेलं आणि तिथून मान्यतेचं पत्र आलं, की त्या प्रतिनिधीच्या सहीला वजन येतं. मान्यतेचं पत्र नसेल तर पुढे कुठलंही कार्यालय विचारतं, ‘तुम्ही कोण?’ आणि त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

निवडणूक झालीच तर विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी पाहाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्या लागू केल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, ७५ टक्के हजेरी, छापील पोस्टरना बंदी, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशोब. संशोधक विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा २८. ही अट कोकणात खूप जणांना आडवी येते, कारण इथे पीएच.डी. करणारे बरेच जण आधी चार-सहा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात किंवा तासिका तत्त्वावर शिकवून आलेले असतात. त्यांना पद मिळत नाही, पण त्यांचा अनुभव परिषदेला हवा असतो. म्हणून आम्ही त्यांना ‘निमंत्रित’ म्हणून बैठकीला बसवतो. मत नाही, सल्ला मात्र पूर्ण.

दुसरी अडचण भूगोलाची. मुख्य आवार एकीकडे आणि संशोधन केंद्रं रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंत किनाऱ्यावर पसरलेली. वेंगुर्ल्याकडच्या मुलाला उत्तर रत्नागिरीत बैठकीला यायचं तर येण्याजाण्यात दोन दिवस जातात. पावसात रेल्वे उशिरा, एसटी त्याहून उशिरा. म्हणून कार्यपद्धतीत सुरुवातीलाच लिहून घ्यावं की केंद्रांचे प्रतिनिधी फोनवरून किंवा व्हिडिओवरून बसले तरी गणपूर्तीत (बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीत) धरले जातील. एवढं एक वाक्य नसेल तर सिंधुदुर्गाच्या मुलांचे प्रश्न वर्षभर कार्यसूचीच्या तळाला राहतात. बैठकीची सूचना सात दिवस आधी, कार्यसूची सोबत, आणि इतिवृत्त ४८ तासांत सगळ्यांकडे. इतिवृत्तात कोण काय बोललं याचा पसारा नको. ठराव काय झाला, काम कोणाकडे, कधीपर्यंत, एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

आता अर्ज. परिषदेचा बराचसा वेळ यातच जातो आणि बिघडतं तेही इथेच.

‘वसतिगृहातील विविध समस्यांबाबत’ असा विषय लिहिलेला अर्ज जवळजवळ मेलेलाच जन्माला येतो. त्यात पाणी असतं, वायफाय असतं, मेस असते आणि खिडकीची काचही असते. असा कागद रेक्टरांकडे जातो, ते अभियंत्याकडे पाठवतात, अभियंता म्हणतो खर्चाची तरतूद लेखा विभागाने सांगावी, आणि तिन्ही टेबलं एकमेकांची वाट पाहतात. एका अर्जात एकच विषय हवा, तोही असा: ‘मुलींच्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरील टाकीचा व्हॉल्व्ह बदलण्याबाबत’. त्याखाली ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. मजकुरात काय बिघडलं, कधीपासून, किती जणांना त्रास, कुठल्या नियमानुसार किंवा परिपत्रकानुसार मागणी, आणि नेमकं काय करून हवं. शेवटी सहपत्रांची यादी क्रमांकाने. मुख्य अर्जावर दोनच सह्या, अध्यक्ष आणि सचिव. बाकी साठ सह्यांचा कागद सहपत्र म्हणून जोडायचा, नाहीतर अर्जाचा मोर्चा होतो आणि अधिकारी मजकूर न वाचता सह्या मोजतात.

अर्जाच्या दोन प्रती. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. ही पोच म्हणजे परिषदेची खरी मालमत्ता. पावसाळ्यात इंकजेटवर काढलेल्या प्रतीची शाई एका थेंबाने पसरते आणि शिक्काही ओल्या कागदावर फुटतो. म्हणून लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. त्याच दिवशी पोच स्कॅन करून ईमेलने त्याच कार्यालयाला पाठवायची. तिसऱ्या दिवशी जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं. ‘साहेबांकडे आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. टिपणी (फाइलवरचा कार्यालयीन शेरा) वर गेली का, ती कोणी लिहिली, आणि कोणाच्या सहीसाठी थांबली आहे, हे विचारायचं. लिपिकाशी चढ्या आवाजात बोलून काहीही मिळत नाही. टिपणी तोच लिहितो, आणि नीट माहिती दिली तर तो ती चांगली लिहितो. दहाव्या दिवशी स्मरणपत्र, त्यात मूळ आवक क्रमांक. दोन स्मरणपत्रांनंतरही हालचाल नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे, आधीच्या सगळ्या पोचींच्या प्रतींसह.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हे शेवटचं साधन. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. तो परिषदेच्या नावाने करू नये, नागरिक म्हणून व्यक्तीच्या नावाने करावा. पहिल्याच महिन्यात हा अर्ज टाकला तर ज्या टेबलांशी वर्षभर काम आहे ती सगळी बंद होतात, म्हणून आधी पोचींची साखळी पूर्ण करावी.

थांबलेली फेलोशिप हा परिषदेकडे सर्वाधिक येणारा विषय. इथे ‘पैसे आले नाहीत’ एवढ्यावर काम सुरू करू नये. पैसे कुठल्या टप्प्यावर अडलेत ते आधी शोधावं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचे, पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. त्यासाठी विद्यापीठातले दोन जण, एक ‘मेकर’ आणि एक ‘चेकर’, दर महिन्याला त्या विद्यार्थ्याची खातरजमा करतात. मेकरने नोंद केली आणि चेकर रजेवर असला तर त्या महिन्याचे पैसे पुढे ढकलले जातात. चेकरची बदली झाली आणि नव्या माणसाचं लॉगिन झालं नाही, तर सगळ्यांचेच थांबतात. म्हणून परिषदेने वर्षाच्या सुरुवातीला मेकर-चेकर कोण, त्यांच्या अनुपस्थितीत कोण, हे लेखी विचारून ठेवावं. गणपतीच्या आणि दिवाळीच्या महिन्यात तर सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात जाऊन नम्रपणे आठवण करावी. आमच्या मते या एका फेरीइतकं फळ देणारं दुसरं काम परिषदेकडे नाही.

१ जानेवारी २०२३पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) ४२,००० रुपये आहे. दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ आपोआप होत नाही. मूल्यमापन समितीची बैठक, तिचा अहवाल आणि त्यानंतर पोर्टलवर बदल, असा क्रम आहे. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळत नाही म्हणून ही बैठक लांबते. पावसाळ्यात तज्ज्ञ घाट उतरून यायला नाखूष असतात. तेव्हा दोन वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी अर्ज द्यावा आणि एकाच दिवशी तीन-चार जणांचं मूल्यमापन लावून घ्यावं. एका फेरीत सगळ्यांचं काम होत असेल तर तज्ज्ञही लवकर हो म्हणतो. घरभाडे भत्त्याचंही तसंच. होस्टेलमध्ये जागा मिळाली नाही असं रेक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते बाहेर खोली घेतल्याच्या तारखेपासूनचं हवं. रत्नागिरी, दापोली, सावंतवाडी ही सगळी गावं भत्त्यासाठी झेड, म्हणजे सगळ्यांत कमी दराच्या, श्रेणीत येतात, त्यामुळे मुंबईच्या मित्राची रक्कम पाहून अर्ज करू नये.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीत (फेलोशिपमध्ये) प्रगती अहवाल, हजेरी आणि गाईडची सही हे अडण्याचे मुख्य ठिकाण. गाईड परगावी गेले की सही राहते आणि अहवाल पुढच्या हप्त्याला जातो. अहवालाचा नमुना आधी भरून, तारखेच्या पंधरा दिवस अगोदर गाईडच्या टेबलावर ठेवणं हाच उपाय. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीत वेगळीच गंमत होते: पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि विद्यार्थी दुसऱ्याच खात्यात वाट पाहत असतो. गावच्या जिल्हा बँकेत आईने कधीतरी उघडून दिलेलं खातं आधारला जोडलेलं असतं, आणि पैसे महिनाभर तिथे पडलेले असतात. तक्रार घेण्याआधी आधार कुठल्या बँकेशी जोडलं आहे ते तपासायला सांगावं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत गुणपत्रिका, आधार आणि खातं या तिन्हीवरचं नाव जुळतं का तेही पाहावं.

फेलोशिप अडलेली असेल तोवर मेसचं बिल कसं भरायचं, हा लगेच येणारा प्रश्न. त्यासाठी परिषदेकडे एक पत्राचा नमुना तयार असतो: अमुक विद्यार्थ्याची फेलोशिप मंजूर आहे, अमुक महिन्यापासून वितरण प्रलंबित आहे, तोवर बिलास मुदत मिळावी. लेखा विभागाची ‘प्रलंबित’ अशी एक ओळ त्यावर आली की रेक्टर सहसा अडवत नाहीत.

मेस जिथे विद्यार्थ्यांची समिती चालवते तिथे हिशोबाचं एक सूत्र सगळ्यांना पाठ हवं. महिन्याचा एकूण खर्च भागिले एकूण हजेरी-दिवस. समजा महिन्याला २,३४,००० रुपये खर्च झाला आणि सगळ्यांचे मिळून १,८०० हजेरी-दिवस भरले, तर दिवसाचा दर १३०. जो २५ दिवस जेवला त्याचं बिल ३,२५०. भांडण होतं ते हजेरी-दिवसांवर. सुट्टीला जाणाऱ्याने आधी कळवलं नाही तर त्याचं जेवण शिजतं आणि वाया जातं. कळवूनही वहीत नोंद झाली नाही तर त्याला फुकटचं बिल येतं. म्हणून सूट हवी असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत वहीत स्वतःच्या हाताने नोंद, आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी सुट्टीला सूट नाही. मासळी आणि मटण यांचा खर्च मूळ दरात मिसळू नये. त्याची कुपनं वेगळी, हिशोब वेगळा. सुरमईच्या एका रविवारमुळे शाकाहारी मुलांचा दर वाढला की महिनाभर वाद पुरतो. रोजच्यासाठी बांगडा आणि मांदेलीच परवडते.

मेच्या शेवटी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी. माणशी एका वेळेला १०० ते १२५ ग्रॅम कोरडा तांदूळ धरला तर ६० जणांना दोन वेळचे रोज १२ ते १५ किलो, महिन्याला साधारण ३६० ते ४५० किलो लागतात. पण तीन महिन्यांचा तांदूळ एकदम भरू नये. दमट हवेत पोरकिडे होतात आणि पोती खालून कुबट वास धरतात. दीड महिन्याचा भरावा, भिंतीपासून हातभर सोडून, जमिनीपासून वर लाकडी फळ्यांवर. कांदे-बटाटे, डाळी, तेल, कोकम, मीठ, सुकट आणि जवळा मात्र आधी घ्यावा, कारण भाजी कोल्हापूर-कराडकडून आंबा आणि कुंभार्ली घाटातून उतरते आणि दरड कोसळली की बाजारात टोपल्या रिकाम्या. त्या दिवसांसाठी आठवडाभराचा वेगळा बेत लिहून स्वयंपाकघरात लावून ठेवायचा: वालाची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी, जवळ्याची चटणी, पिठलं, सोलकढी. जूनमध्ये टाकळा आणि कुर्डू स्थानिक बायकांकडून स्वस्त मिळतो आणि साठ जणांना पुरेल एवढा मिळतो. शेवळं चवीला कितीही चांगली असली तरी मेसला घेऊ नयेत. साफ करायला फार वेळ लागतो आणि नीट केली नाहीत तर घसा खवखवतो. जानेवारीपासूनची बिलं जपून ठेवली तर बेगमीचा अंदाज चुकत नाही.

प्रयोगशाळेच्या बाबतीत परिषदेचा मुख्य शत्रू वीज आणि दमट हवा. फांदी तारेवर पडते, फीडर बसतो, आणि उणे २० किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये कोणाचे तरी दोन वर्षांचे नमुने असतात. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोली पट्ट्यात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हापासून जनरेटर आहे एवढ्यावर विश्वास ठेवणं सोडावं. परिषदेने मेमध्ये विभागप्रमुखांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: जनरेटर भार घालून चालवून पाहिला का, डिझेल किती तासांचं आहे, आणि रात्री सुरू करायला कोण येणार. नुसता रिकामा चालवून पाहिला तर तो सुरू होतो, पण फ्रीझरचे कॉम्प्रेसर एकदम चालू होताना लागणारा भार पेलत नाही. खरा दोष तिथे सापडतो. फ्रीझरच्या दारावर कप्प्यानुसार यादी लावावी, म्हणजे शोधण्यासाठी दार उघडं राहत नाही. रिकाम्या जागेत बर्फाच्या बाटल्या भराव्यात. भरलेला फ्रीझर जास्त वेळ थंड राहतो. वीज गेली की दार उघडायचंच नाही. ज्यांचे नमुने पुन्हा मिळणारे नाहीत त्यांनी अर्धा भाग दुसऱ्या केंद्रात ठेवावा, आणि त्यासाठी दोन विभागांमध्ये लागणारं पत्र परिषदेने मिळवून द्यावं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर पावसाळ्यात बुरशी धरते. त्याला हवाबंद पेटी आणि सिलिका जेल, आणि जेल गुलाबी झालं की भाजून पुन्हा निळं करणं, एवढं पुरतं. खर्च किरकोळ आहे, पण मागणीपत्रात लिहिलं नाही तर तोही मिळत नाही.

मागणीपत्राची वेळ हा स्वतंत्र विषय आहे, कारण इथे आर्थिक वर्ष आणि झाड यांचं जुळत नाही. हापूसला मोहोर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी येतो. रसायनं, सापळे, पिशव्या यांची खरेदी दरपत्रकं, खरेदी समिती, आदेश अशा क्रमाने मार्चअखेर घाईने पूर्ण होते. तोवर मोहोर संपलेला असतो आणि फळ धरून वाढलेलं असतं. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त असा एक हंगाम हुकला की काम अर्धवट राहतं. म्हणून मोहोरावर आणि फळगळीवर काम करणाऱ्या सगळ्यांची एकत्र यादी परिषदेने जुलैत करावी, विभागप्रमुखांच्या सहीने ऑगस्टमध्ये भांडार विभागाकडे द्यावी, आणि ‘साहित्य ऑक्टोबरअखेर न मिळाल्यास या वर्षीचा हंगाम जाईल’ असं त्यात स्पष्ट लिहावं. कारण दिलं की खरेदी समितीलाही प्राधान्य ठरवता येतं. मत्स्यशास्त्राची अडचण याच्या उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे बंदरावर ताजे नमुने नाहीत. सहामाही प्रगती बैठकीत ‘दोन महिने नमुने शून्य’ असा शेरा पडू नये म्हणून हे दोन महिने आराखड्यात आधीच विश्लेषणासाठी राखून दाखवावे लागतात.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा. ही रजा मिळते हे ठाऊक नसल्याने मुली नोंदणी सोडून देतात, हे फार वाईट आहे. प्रवेशाच्या वेळी हाती द्यायच्या माहितीपत्रकात हा मजकूर ठळक छापायचाच.

प्रबंध सादर झाल्यावर विद्यार्थी आवारातून निघून जातो आणि इथेच त्याला परिषदेची गरज जास्त असते. मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत व्हावी असं नियम म्हणतो. ती कुठे अडते ते कळावं म्हणून आम्ही एक तक्ता ठेवतो. त्यात नाव नाही, नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे. मग सादर केल्याची तारीख, परीक्षकांची यादी मंजूर झाल्याची, परीक्षकांची संमती आल्याची, प्रबंध पाठवल्याची, पहिला अहवाल, दुसरा अहवाल, मौखिकी. तक्ता भरू लागलं की लक्षात येतं की वेळ वाचनात कमी जातो. संमतीच्या पत्राची वाट पाहण्यात जास्त जातो. यादीतला पहिला परीक्षक उत्तर देत नाही आणि दुसऱ्याला विचारायचं कधी, हे कोणी ठरवलेलं नसतं. परिषदेने मागणी करायची ती नेमकी एवढीच: ठरावीक दिवसांत संमती न आल्यास पुढच्या नावाला पत्र जावं. ही मागणी मान्य होते, कारण तिला खर्च नाही.

सादर करण्याआधी साहित्यचौर्य तपासणी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अवतरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण शब्दप्रयोग मोजणीतून वगळायचे असतात. पण सॉफ्टवेअरमध्ये ते वगळण्याचे पर्याय ग्रंथालयात कोणीतरी निवडावे लागतात. १८ टक्के आले म्हणून घाबरलेला मुलगा आला, तर आधी अहवालाच्या पहिल्या पानावर काय वगळलं आहे ते पाहावं.

गाईडशी बिनसलेली प्रकरणं सगळ्यांत नाजूक. इथे परिषदेने न्यायाधीश होऊ नये आणि दूतही होऊ नये. विद्यार्थ्याला तारीखवार नोंद ठेवायला सांगावं, मसुदा कधी दिला, परत कधी मिळाला, ईमेल कुठली. पहिली पायरी संशोधन सल्लागार समिती, कारण सहामाही आढावा तिच्यापुढेच होतो. ते जमलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांना ३० दिवस. समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. तो आपला प्रतिनिधी असला तरी आतलं काहीही परिषदेच्या बैठकीत सांगायचं नाही. विभाग लहान, गाव लहान, सगळे एकाच खानावळीत जेवतात. एक वाक्य बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत गाईडच्या घरी पोचतं.

लैंगिक छळाची तक्रार यात मिसळू नये. ती अंतर्गत समितीकडेच जाते आणि परिषदेने तिची प्रतही ठेवू नये. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, समितीला वाढवता येते. चौकशी ९० दिवसांत. यूजीसीच्या २०१५च्या नियमांनुसार प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीत तीन विद्यार्थी सदस्य हवेत: पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचा प्रत्येकी एक, आणि तेही निवडून आलेले. ही निवड वेळेत करून घेणं मात्र परिषदेचं काम आहे. प्रकरण आल्यावर निवड करायला गेलं तर ती प्रकरणावरच होते. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक प्रत्येक होस्टेलच्या जिन्यात, पावसाने भिजणार नाही अशा जागी लावायचा.

परिषदेच्या पैशाबद्दल थोडक्यात: रोख हातात ठेवू नये, खर्च दोन सह्यांनी, आणि स्नेहसंमेलनाचा हिशोब पंधरा दिवसांत फलकावर.

एप्रिलमध्ये हस्तांतर. मेमध्ये आवार ओस पडतं, म्हणून ते त्याआधीच. एक फाइल चालू अर्जांची, प्रत्येकावर वर एक चिठ्ठी: आवक क्रमांक, शेवटची पोच, आता कुठल्या टेबलावर, पुढे कधी जायचं. दुसरी मंजूर झालेल्या पण अंमलात न आलेल्या गोष्टींची. हीच सगळ्यांत आधी विसरली जाते, कारण मंजुरी मिळाली की सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. तिसरी नमुन्यांची: मेस मुदतीचं पत्र, एसआरएफचा अर्ज, फ्रीझरची यादी. ईमेलचा पासवर्ड नव्या सचिवासमोर बदलायचा आणि जोडलेला मोबाइल क्रमांकही त्याच वेळी, नाहीतर ओटीपी नोकरीला लागलेल्या माणसाच्या फोनवर जात राहतो. मग जुन्या आणि नव्या सचिवाने मिळून एकदा आवक विभाग, लेखा, परीक्षा विभाग आणि भांडार अशी फेरी मारायची आणि प्रत्येक टेबलावर नव्या माणसाची ओळख करून द्यायची. सकाळी अकराच्या सुमारास जावं. दुपारच्या जेवणानंतर लेखा विभागात बिलं काढायची घाई असते आणि कोणी मान वर करत नाही.